नाकारलेलें व्यक्तिचित्र

‘साभार परत’ हे दोन शब्द ज्याच्या वांट्यास कधींच आले नाहींत असा मराठी लेखक विरळाच असेल. कवितांची वही टपालानें परत येते, कवि दोन दिवस खिन्न असतो, आणि तिसऱ्या दिवशीं तीच कविता दुसऱ्या मासिकाकडे रवाना होते. कविता नाकारली गेली तरी ती कवीचीच असते. हें समाधान कोणी संपादक त्याच्यापासून हिरावून घेऊं शकत नाहीं. परंतु नियतकालिकांच्या दुनियेंत असाही एक कलावंत आहे कीं, ज्याला हें समाधानसुद्धां नेहमींच लाभतें असें नाहीं. तो म्हणजे कोणाच्या पगारावर नसलेला, एकेका कामाच्या बोलीवर व्यक्तिचित्रें काढून देणारा छायाचित्रकार. त्याच्या कलेचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाहीं. चित्रकाराच्या चित्राबद्दल आपण लिहितों, मूर्तिकाराच्या पुतळ्याबद्दल भांडतों. पण मासिकांत एखाद्या थोर गृहस्थाचें छायाचित्र पाहिलें कीं, ‘चांगला आला आहे हो फोटो!’ एवढें म्हणून पान उलटतों. जणूं फोटो आपोआप आला!

हा विचार आमच्या मनांत येण्यास निमित्त झालें तें असें. गेल्या पावसाळ्यांत आमच्या परिचयाचा एक तरुण छायाचित्रकार भिजलेली छत्री दाराशीं ठेवून आंत आला, आणि बगलेंतल्या पाकिटांतून दोन चित्रें काढून त्यानें आमच्यापुढें मांडलीं. दोन्हीं एकाच बाईंचीं. ऐंशी उलटलेल्या एका गायिकेचीं. एका साप्ताहिकानें त्याला हें काम सांगितलें होतें. पहिल्या दिवशीं त्यानें कॅमेरा पिशवींतून बाहेर काढलाच नाहीं. नुसता बसून शिकवणी ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशीं त्यानें चित्रें काढलीं. त्यांपैकीं एका चित्रांत बाई खांद्यावर शाल घेऊन बसल्या आहेत, मागें सन्मानचिन्हांचें कपाट आहे, आणि त्या प्रसन्नपणें हंसत आहेत. दुसऱ्यांत त्या हंसत नाहींत. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हात तसाच राहिला आहे, मान किंचित् कलली आहे, आणि डोळे कोणाकडेच पाहत नाहींत. शेजारच्या खोलींत शिष्येचा स्वर घसरला आहे आणि तो त्यांना लागला आहे. साप्ताहिकानें पहिलें चित्र छापलें. दुसरें ‘उदास वाटतें’ म्हणून नाकारलें.

एवढ्यावर भागलें असतें तर तो आमच्याकडे आलाही नसता. पण तें नाकारलेलें चित्र त्यानें एका प्रदर्शनांत मांडण्याचें ठरविलें, तेव्हां साप्ताहिकाकडून त्याला कळविण्यांत आलें कीं, काम आम्ही सांगितलें, पैसे आम्ही दिले, तेव्हां चित्र आमचें. “काका,” तो म्हणाला, “त्यांना तें नको आहे, आणि मलाही तें दाखवूं देत नाहींत. मग मी चित्र काढलें तें कोणासाठीं?”

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या क्षणीं देतां आलें नाहीं. तें शोधतां शोधतां आम्ही ज्या छायाचित्रकाराच्या कामापाशीं येऊन थांबलों, त्या आर्नल्ड न्यूमन या अमेरिकन कलावंताच्या दोन-तीन चित्रांचा परामर्श येथें घेण्याचें योजिलें आहे. कारण त्या तरुणाच्या प्रश्नाचे सर्व धागे या माणसाच्या आयुष्यांत एकत्र आले आहेत.

न्यूमनचा जन्म १९१८ सालीं न्यूयॉर्क शहरीं झाला. मायामी येथील विद्यापीठांत तो चित्रकला शिकत होता. पण पैशाच्या अडचणीमुळें त्याला शिक्षण सोडावें लागलें, आणि १९३८ सालीं तो फिलाडेल्फियांतील एका फोटोच्या दुकानांत नोकरीस राहिला. तेथें ४९ सेंटांत फोटो काढून मिळे. दिवसभर गिऱ्हाइकांची रांग. एकानें उठावें आणि दुसऱ्यानें बसावें. असल्या कामांत कला कोठली, असें कोणी म्हणेल. पण परक्या माणसाला दोन मिनिटांत निःसंकोच कसें करावें, ही विद्या त्यानें त्या रांगेपुढेंच संपादन केली. पुढें १९४१ पासून तो न्यूयॉर्कच्या चित्रकारांचीं आणि मूर्तिकारांचीं चित्रें काढूं लागला. हें काम त्याला कोणीं सांगितलें नव्हतें व त्याचे पैसेही कोणी देणार नव्हतें. या चित्रांचें प्रदर्शन १९४५ सालीं फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयांत भरलें, आणि दुसऱ्या वर्षीं त्यानें न्यूयॉर्कांत आपला स्टुडिओ थाटला. त्यानंतर ‘लाइफ’, ‘फॉर्च्यून’, ‘न्यूजवीक’, ‘हार्पर्स बझार’ अशा अनेक नियतकालिकांसाठीं त्यानें काम केलें. परंतु तें सारें स्वतंत्रपणें, कामामागून काम घेऊन. आपलें चित्र छापून यावें अशी उत्कंठा असणाऱ्या तरुणांनीं यांतला क्रम ध्यानांत घ्यावा. न सांगितलेलें काम आधीं झालें. सांगितलेलें काम त्याच्या मागून आलें.

आतां सांगितलेल्या कामाविषयीं एक शंका प्रथमच दूर केली पाहिजे. दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेलें चित्र खऱ्या कलेच्या पंक्तीस बसत नाहीं, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित वर्गांतही आढळते. ती टिकणारी नाहीं. युरोपांतील उत्तमोत्तम व्यक्तिचित्रांपैकीं कितीतरी राजांच्या आणि धर्मगुरूंच्या आश्रयानें निर्माण झालीं. आणि आपल्याकडे राजा रविवर्म्याचीं अनेक चित्रें बडोद्याच्या व म्हैसूरच्या दरबारांनीं सांगून करवून घेतलेलीं आहेत. तेव्हां अडचण काम सांगण्यांत नसून, काम सांगणारा आणि चित्रासाठीं बसणारा हे दोघे बहुधा एकच असत, यांत होती. ज्याचें मुख त्याचाच पैसा. मग मुखावरची खोट चित्रांत उतरावी कशी? ती उतरली तर काय होतें याचें उदाहरण फार जुनें नाहीं. १९५४ सालीं चर्चिलच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त ब्रिटिश पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या सभासदांनीं ग्रॅहम सदरलंड या चित्रकाराकडून त्याचें चित्र करवून घेतलें आणि त्याला भेट दिलें. चर्चिलला तें मुळींच आवडलें नाहीं. पुढें चर्चिलबाईंच्या इच्छेवरून तें नष्ट करण्यांत आलें. चित्र ज्याच्या घरीं गेलें त्यालाच तें नकोसें होतें. तेथें चित्रकाराचें काय चालणार?

नियतकालिकांनीं या जुन्या व्यवहारांत एक मोठा फरक केला. येथें पैसे देणारा संपादक आणि चित्रासाठीं बसणारी व्यक्ति हीं दोन निराळीं माणसें झालीं. बसणाऱ्याची मर्जी राखण्याचें बंधन सुटलें, आणि व्यक्तिचित्रकाराला सत्य बोलण्याची मोकळीक मिळाली. आमच्या मतें विसाव्या शतकांतील छायाचित्रित व्यक्तिचित्राचा जो उत्कर्ष झाला त्याचें एक प्रमुख कारण हेंच होय. तथापि एक धनी गेला तर दुसरा आला. संपादकाला अंक अमुक तारखेस काढावयाचा असतो; चित्राशेजारीं मजकूर बसवावयाचा असतो; वाचकाला काय रुचेल याचा अंदाज करावयाचा असतो. छायाचित्रकार, बसणारा आणि संपादक या तिघांच्या ओढाताणींतून जें निभावून निघतें तेंच चित्र आपल्यापर्यंत येतें. ही ओढाताण न्यूमनच्या ज्या चित्रांत सर्वांत स्पष्ट दिसते, तें म्हणजे त्याचें १९४६ सालचें स्ट्राविन्स्कीचें चित्र.

ईगॉर स्ट्राविन्स्की हा त्या काळचा जगन्मान्य संगीतरचनाकार. त्याचें चित्र काढण्याचें काम ‘हार्पर्स बझार’ या मासिकानें न्यूमनला सांगितलें. आतां संगीतकाराचें चित्र म्हटलें म्हणजे सामान्य छायाचित्रकार काय करील? त्याला वाद्यापुढें बसवील, बोटें पट्ट्यांवर ठेवावयास सांगेल, आणि चेहरा मधोमध घेईल. न्यूमननें यांतलें एकही केलें नाहीं. चित्राचा फार मोठा भाग एका भव्य पियानोच्या उघडलेल्या झांकणानें व्यापलेला आहे. तें झांकण म्हणजे एक काळाकभिन्न, अणकुचीदार आणि तरीही डौलदार आकार. मागें भिंत, तिचा कांहीं भाग पांढरा व कांहीं करडा. आणि स्ट्राविन्स्की? तो डाव्या कोपऱ्यांत अगदीं खालीं, कोपर पियानोवर टेकून, डोकें हातावर रेलून बसलेला. त्याची जागा इतकी थोडी कीं, घाईनें पान उलटणाऱ्यास तो प्रथम दिसणारही नाहीं.

पण एकदां दिसल्यावर दृष्टि तेथून हलत नाहीं. त्या काळ्या आकाराचा सगळा भार त्या एका लहानशा डोक्यावर येऊन थांबला आहे, असें वाटूं लागतें. पाश्चात्य स्वरलिपि ज्यांना अवगत आहे त्यांच्या आणखी एक गोष्ट ध्यानांत येईल. पियानोच्या झांकणाचा तो आकार कोमल स्वराच्या खुणेसारखा दिसतो. न्यूमनला त्या झांकणांत स्ट्राविन्स्कीच्या संगीताचेच गुण दिसले होते: कठोर, रेखीव आणि सुंदर. म्हणजे येथें पियानो ही संगीतकाराची ओळख पटविणारी पाटी नाहीं. पियानो हाच त्याच्या संगीताचा आकार झाला आहे, आणि तो रचणारा माणूस त्याच्या पायथ्याशीं बसला आहे. ‘या माणसाचा व्यवसाय काय?’ या प्रश्नाचें उत्तर हें चित्र देतें. पण त्याच्या पुढें जाऊन ‘याचें मन कसें चालतें?’ या प्रश्नाकडेही बोट दाखवितें.

हें साधलें कसें, तेंही पाहण्यासारखें आहे. न्यूमन बहुतेक काम तिपाईवरच्या मोठ्या कॅमेऱ्यानें करी. मूळ नेगेटिव्हमध्यें खोलीचा बराच अधिक भाग आलेला आहे. त्यानें वरून, खालून आणि बाजूंनीं निर्दयपणें कांटछांट करून ही अखेरची चौकट निश्चित केली. लेखकानें पहिल्या खर्ड्यांतले परिच्छेदच्या परिच्छेद खोडावेत, तसलाच हा प्रकार. आपल्या धंद्यांत प्रतिभेपेक्षां सामानाची हलवाहलवच जास्त करावी लागते, असें तो थट्टेनें म्हणत असे. थट्टा बाजूस ठेवली तर त्याचा अर्थ इतकाच कीं, चित्र सांपडत नाहीं, तें रचावें लागतें.

आणि हें चित्र ‘हार्पर्स बझार’नें नाकारलें. संपादकवर्गास दोष देण्याची घाई आम्ही करणार नाहीं. त्यांच्या बाजूनें विचार केला तर त्यांनीं एका थोर पुरुषाचें चित्र मागितलें होतें, आणि त्यांच्या हातीं एका झांकणाचें चित्र पडलें! पानाच्या मापांत तें कसें बसवावें, त्यावर मथळा कोठें घालावा, असले प्रश्न त्यांच्यापुढें उभे राहिले असतील. कोणतेंही नवें रूप प्रथम दोषासारखेंच दिसतें. परंतु पुढें काय झालें? ज्या मासिकासाठीं तें काढलें त्यांत तें आलें नाहीं. पण त्यानंतरच्या काळांत न्यूमनच्या साऱ्या चित्रांत तेंच सर्वांत अधिक वेळां छापलें गेलें, ग्रंथांत गेलें, संग्रहालयांच्या भिंतींवर गेलें. आज स्ट्राविन्स्कीचें नांव घेतांच अनेकांच्या डोळ्यांपुढें तोच काळा आकार उभा राहतो. हें घडूं शकलें, कारण नाकारलेलें चित्र न्यूमनच्या घरीं परत आलें आणि त्याचेंच राहिलें. तें त्या मासिकाच्या कपाटांत कुलूपबंद राहिलें असतें तर कोणास पत्ताही लागला नसता. आमच्या लेखाचा सारा रोख या एका गोष्टीकडे आहे.

याच सुमाराचें एक उदाहरण आपल्या पुण्याचें आहे. १९४६ सालीं मार्गारेट बर्क-व्हाइट या बाई ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या वतीनें हिंदुस्थानांत आल्या होत्या. त्यांनीं पुण्यास डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रांत गांधीजींचें चरख्याजवळ बसून वाचीत असतांनाचें चित्र घेतलें. चरखा अलीकडे, गांधीजी पलीकडे, खिडकींतून येणारा उजेड. वाचकांपैकीं कोणीं तें पाहिलें नसेल असें वाटत नाहीं. पण हिंदी पुढाऱ्यांवर त्या वर्षीं ‘लाइफ’मध्यें जो प्रमुख चित्रलेख आला, त्यांत तें नव्हतें. १९४८ च्या जानेवारींत गांधीजींचा वध झाला, आणि मग श्रद्धांजलीच्या पानांत तें ठळकपणें झळकलें. चित्रांत कांहींच बदललें नव्हतें. बदलली ती संपादकाची गरज. मात्र बर्क-व्हाइटबाई पगारी होत्या. त्यांचें चित्र साप्ताहिकाच्याच संग्रहांत होतें, म्हणून वेळ येतांच तें बाहेर काढतां आलें. स्वतंत्र छायाचित्रकाराच्या नाकारलेल्या चित्राला असा पालक नसतो. त्याचा पालक तो स्वतःच.

न्यूमनची स्तुति करतांना त्याच्या अनुयायांविषयींही दोन शब्द लिहिले पाहिजेत. माणसाला त्याच्या परिसरांत दाखविणें ही न्यूमनची ‘पद्धति’ असें टीकाकारांनीं ठरवून टाकलें. त्याला स्वतःला हें नांव फारसें पसंत नव्हतें, आणि तें कां हें त्याच्या अनुकरणाचा जो सुळसुळाट झाला त्यावरून समजतें. चित्रकार म्हटला कीं हातांत कुंचला, शास्त्रज्ञ म्हटला कीं कांचेच्या नळ्या, डॉक्टर म्हटला कीं गळ्यांत नळी. आपल्याकडील दिवाळी अंक चाळून पाहावेत. साहित्यिक असेल तर त्याच्या मागें पुस्तकांचें कपाट आणि हनुवटीखालीं हात हा जणूं शास्त्रार्थच ठरून गेला आहे! कपाटांतलीं पुस्तकें त्यानें वाचलीं आहेत कीं नाहींत हें कपाटावरून कळत नाहीं, आणि चेहऱ्यावरून कळावें तर चेहऱ्याकडे छायाचित्रकाराचें लक्षच नसतें. ही परिसराची कला नव्हे. ही दुकानावरची पाटी आहे. न्यूमननें १९५४ सालीं पिकासोचें चित्र काढलें तें पाहावें. त्यांत ना कुंचला, ना रंग, ना चित्रें. चेहरा आणि कपाळावर टेकलेला हात, एवढ्यानें चौकट भरून गेली आहे. जेथें परिसरानें सांगावयाचें होतें तेथें त्यानें परिसर घेतला, आणि जेथें डोळ्यांनींच सारें सांगितलें तेथें तो सोडून दिला. खरी पद्धति ती हीच.

आतां न्यूमनच्या ज्या चित्राविषयीं आमचें मन अजूनही पूर्णपणें निःशंक नाहीं, त्याकडे वळूं. १९६३ सालीं ‘न्यूजवीक’नें त्याला आल्फ्रीड क्रुप या जर्मन कारखानदाराचें चित्र काढण्याचें काम सांगितलें. क्रुपच्या कारखान्यांत दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत गुलामांप्रमाणें माणसें राबविलीं गेलीं. १९४८ सालीं न्यूरेंबर्ग येथें त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली, आणि १९५१ सालीं तो मुदतीपूर्वींच सुटला. न्यूमन स्वतः ज्यू होता. त्यानें प्रथम हें काम नाकारलें. हा माणूस मला सैतान वाटतो, असें त्यानें संपादकांस सांगितलें. त्यावर, मग तसाच दाखवा, असें उत्तर मिळालें. एसेन येथील कारखान्यांत त्यानें एक मंच उभारला, क्रुपला त्यावर बसविलें आणि किंचित् पुढें वांकावयास सांगितलें. क्रुपनें हात गुंफून हनुवटीखालीं घेतले. दोन्ही बाजूंनीं पडलेल्या उजेडानें त्याचा चेहरा मधून चिरल्यासारखा झाला, आणि साऱ्या चित्रावर एक हिरवट कळा पसरली. मागें कारखान्याचें लांबलचक दालन. पाहणाऱ्याच्या अंगावर कांटा येतो.

हें चित्र पुष्कळांना न्यूमनची परमावधि वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. आमचा आक्षेप क्रुपबद्दलच्या कळवळ्यानें नाहीं; त्याचा अपराध न्यायालयांत शाबीत झालेला होता, आणि न्यूमननें तो कल्पनेनें रचला नाहीं. आमचा आक्षेप कलेच्या दृष्टीनें आहे. असा उजेड आणि असा रंग कोणत्याही सज्जनाच्या तोंडावर टाकला तर तोही राक्षसच दिसेल. म्हणजे या चित्रांतलें सत्य चित्राबाहेरून आलेलें आहे. चित्राखालचें नांव पुसलें कीं नाटकांतल्या खलपुरुषाचा मुखवटा तेवढा उरतो. स्ट्राविन्स्कीचें नांव पुसून पाहा. एक माणूस, एक प्रचंड आकार, आणि त्या दोहोंमधला अबोल संबंध, हें सारें जसेंच्या तसें राहतें. एका चित्रांत न्यूमननें न्यायाधीश होऊन निकाल दिला. दुसऱ्यांत त्यानें श्रोता होऊन ऐकलें. निकाल देण्याचा अधिकार त्याला त्या प्रसंगीं होता असें मानलें, तरी तो अधिकार रोज वापरण्याजोगा नाहीं. बसणाऱ्याची मर्जी राखण्याचें बंधन सुटलें असें आम्ही वर म्हटलें. त्याबरोबरच बसणाऱ्यावर अन्याय करण्याची सोयही झाली, हें विसरतां कामा नये. जो माणूस आपल्यापुढें बसतो तो कांहीं काळ आपल्या विश्वासावर बसलेला असतो.

येथवर आम्ही कलेविषयीं बोललों. आतां पैशाविषयीं आणि मालकीविषयीं बोललें पाहिजे. साहित्याच्या मासिकांत हा विषय गौण समजला जातो, पण ज्यांचा चरितार्थ त्यावर आहे त्यांना तो तसा समजून चालत नाहीं. फिलिप हाल्समन हा न्यूमनचा समकालीन. रिगा शहरीं जन्मलेला हा छायाचित्रकार १९४० सालीं आइन्स्टाइनच्या खटपटीमुळें अमेरिकेंत येऊं शकला. ‘लाइफ’च्या मुखपृष्ठावर त्याचीं १०१ चित्रें आलीं, आणि तरीही तो त्या साप्ताहिकाचा पगारी नोकर कधींच नव्हता. मोठमोठ्या प्रतिष्ठितांना तो बैठकीच्या अखेरीस उडी मारावयास लावी. माणूस उडींत गुंतला कीं चेहऱ्यावरचा मुखवटा सुटतो, अशी त्याची उपपत्ति. पण आमच्या विषयास त्याची दुसरी कामगिरी अधिक जवळची आहे. नियतकालिकांसाठीं काम करणाऱ्या अमेरिकन छायाचित्रकारांची एक संस्था १९४४ सालीं स्थापन झाली. १९४५ सालीं हाल्समन तिचा अध्यक्ष झाला, आणि छायाचित्रकारांच्या हक्कांसाठीं तो झगडला. १०१ मुखपृष्ठें ज्याच्या नांवावर जमलीं त्या माणसालाही एकट्यानें संपादकाशीं बोलणी करणें पुरेसें वाटलें नाहीं, यांतच सर्व आलें.

आपल्याकडील स्थिति काय आहे? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें सतरावें कलम सांगतें कीं, एखाद्याच्या सांगण्यावरून व मोबदला घेऊन छायाचित्र काढलें असेल, तर उलट करार नसल्यास त्याचा पहिला मालक काम सांगणारा होय. याच कलमांत एक चमत्कारिक विसंगति आहे. नियतकालिकाच्या नोकरींत असलेल्या माणसानें त्या नियतकालिकासाठीं चित्र काढलें, तर मालकाला हक्क मिळतो तो नियतकालिकांतल्या प्रसिद्धीपुरता. बाकीचे हक्क काढणाऱ्याचेच राहतात. म्हणजे पगार, रजा आणि नोकरीची शाश्वति ज्याला आहे त्याच्याकडे कांहीं हक्क उरतात. आणि ज्याला यांतलें कांहींच नाहीं त्या स्वतंत्र छायाचित्रकाराचे, त्यानें आधीं लेखी ठरवून घेतलें नसेल तर, सगळेच जातात!

तरीही हें कलम सरसकट वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. आपल्या मुलीच्या लग्नाचे फोटो आपण पैसे देऊन काढून घेतों. ते छायाचित्रकारानें आपल्या मालकीचे समजून वाटेल तेथें छापावेत, हें कोणत्या कुटुंबास रुचेल? तेथें काम सांगणाराच मालक असणें रास्त आहे, कारण चित्र त्याच्या घरचें आहे. परंतु गायिकेच्या चित्रांत साप्ताहिकाच्या घरचें काय होतें? त्याला एका अंकापुरतें एक चित्र हवें होतें. तें त्याला मिळालें, त्यानें छापलें, त्याचे पैसे दिले. जें त्यानें नाकारलें त्यावर हक्क सांगणें म्हणजे न वाचलेलें हस्तलिखित फडताळांत कोंडून ठेवणेंच होय. ‘या अंकांत प्रथम प्रसिद्ध करण्याचा हक्क तुमचा, बाकीचे माझे’ एवढी एक ओळ काम घेण्यापूर्वीं लिहून घेतली तर हा सारा तंटा मिटतो. ती ओळ मागण्यास तरुण छायाचित्रकार भितात; पुढचें काम मिळणार नाहीं अशी त्यांना धास्ती असते. ती धास्ती खोटी आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. पण ती ओळ संपादकांनींच आपण होऊन लिहून दिली तर त्यांचें काय बिघडेल? लेखकाची कविता परत करतांना जे ‘साभार’ लिहितात, त्यांनीं हाच न्याय चित्राला लावावा, इतकेंच आमचें मागणें आहे.

त्या तरुणास आम्हीं इतकाच सल्ला दिला कीं, तूं प्रथम तें चित्र बाईंना नेऊन दाखव. तिघांपैकीं तिसरें माणूस त्याच आहेत, आणि त्यांना अद्याप कोणीं विचारलेलेंच नाहीं. पंधरा दिवसांनीं तो पुन्हां आला. बाईंनीं चित्र खिडकीशीं नेऊन पुष्कळ वेळ पाहिलें म्हणे, आणि म्हणाल्या, “त्या दिवशीं पोरीचा गंधार उतरला होता. तें तुला दिसलें रे?” छापून आलेल्या हंसऱ्या चित्राविषयीं त्या कांहींच बोलल्या नाहींत. दुसऱ्या चित्राची एक प्रत मात्र त्यांनीं मागून घेतली.

साप्ताहिकाशीं त्याचा पत्रव्यवहार अजून चालूं आहे. त्याचा निकाल कसा लागेल तो लागो. ‘चित्र काढलें तें कोणासाठीं?’ या त्याच्या प्रश्नाचें निम्में उत्तर त्याला त्या खिडकीशीं मिळालें आहे. उरलेलें निम्में वाचकांच्या हातीं आहे. यापुढें एखाद्या अंकांत कोणाचें व्यक्तिचित्र पाहाल, तेव्हां पान उलटण्यापूर्वीं कोपऱ्यांतल्या बारीक अक्षरांकडे एकदां पाहा. तेथें चित्र काढणाराचें नांव छापलेलें असेल तर तें वाचा. आणि नसेल तर तें कां नाहीं, असें संपादकांस एक कार्ड टाकून विचारा.